डिस्क गेली तरी हक्क राहिला पाहिजे

व्हिडिओ गेमची डिस्क बाजारातून हद्दपार होणार का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळून गेले आहे. संगणकावरील गेमपुरते ते वीस वर्षांपूर्वीच मिळाले होते. 2003 मध्ये वाल्व्ह कंपनीने स्टीम ही इंटरनेटवरून गेम पुरवणारी सेवा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ 2’ हा गेम दुकानातून खोक्यात घेऊन आलेल्या माणसालाही स्टीमवर खाते उघडल्याशिवाय तो खेळता येईना. कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांचे, जग मागून आले, पण त्याच वाटेने आले. 2020 मधील एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क घालायची सोयच नव्हती, त्याच वर्षी प्लेस्टेशन 5 ची एक आवृत्ती डिस्कविना निघाली, आणि 2024 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 5 प्रोसाठी डिस्क ड्राइव्ह हवा असेल तर तो वेगळा विकत घ्यावा लागतो. सोनीच्या स्वतःच्या आकडेवारीत पूर्ण गेमच्या दर दहा प्रतींपैकी सातहून अधिक प्रती आता डाउनलोडने विकल्या जातात. जी डिस्क अजून दुकानात मिळते तीही अनेकदा नावापुरतीच डिस्क असते. 2022 मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2’ च्या प्लेस्टेशन 5 वरील डिस्कमध्ये जेमतेम 70 एमबीच्या आसपास मजकूर होता आणि बाकी सारा गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागत होता. 2025 च्या जूनमध्ये बाजारात आलेल्या निन्टेन्डो स्विच 2 च्या काही गेमच्या कार्डांत तर गेम नसतोच, तो डाउनलोड करण्याची केवळ किल्ली असते.

तेव्हा डिस्क टिकेल की नाही यावर वाद घालण्यात फारसे हशील नाही. वाद घालायचा तो निराळ्या गोष्टीवर. डिस्कबरोबर ग्राहकाच्या हातात काही हक्क येत होते: ती दुसऱ्याला देण्याचा, विकण्याचा, कपाटात ठेवून वीस वर्षांनी पुन्हा काढण्याचा, आणि आपल्यामागे मुलाबाळांकडे ती जाण्याचा. हे हक्क कोणी चर्चा करून काढून घेतलेले नाहीत. वस्तू गेली आणि तिच्या पाठोपाठ तेही निघून चालले आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की वस्तू जाणे अटळ असले तरी हक्क जाणे अटळ नाही, आणि ते राखायचे असतील तर डाउनलोड आणि स्ट्रीमिंग (गेम आपल्या यंत्रात न उतरवता इंटरनेटवरूनच खेळणे) या दोन व्यवहारांची आज सर्रास होणारी गल्लत आधी थांबवली पाहिजे.

या हक्कांची किंमत कोल्हापूरसारख्या शहरात मुंबईपेक्षा लवकर कळते. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट एका घरात येई आणि मंगळवार पेठेतून शिवाजी पेठेपर्यंत कोणाच्या घरी कधी पोहोचली याचा हिशेब राहत नसे. त्या कॅसेटी बहुतेक विनापरवाना होत्या, आणि पुढे चिप बसवलेल्या प्लेस्टेशन 2 वर चालणाऱ्या स्वस्त सीडीही तशाच होत्या. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु प्लेस्टेशन 4 च्या काळात चोरीच्या प्रतीचा मार्ग बराचसा बंद झाल्यावर इथल्या तरुणांनी प्रामाणिकपणे खेळण्याचा जो मार्ग शोधला, तो डिस्कच्या फेरविक्रीचा होता. मोठ्या कंपनीच्या नव्या गेमची किंमत आज 4,999 रुपयांच्या घरात जाते. उद्यमनगरातील कारखान्यात नोकरी करणारा किंवा महाविद्यालयात शिकणारा मुलगा ही रक्कम एका गेमसाठी सहज खर्च करू शकत नाही. मात्र गेम संपवून तीच डिस्क 3,000 रुपयांना दुसऱ्याला विकता आली, तर त्याचा प्रत्यक्ष खर्च दोन हजारांवर येतो, आणि घेणाऱ्यालाही नव्यापेक्षा कमी दरात गेम मिळतो. राजारामपुरीतील दुकानात, ओळखीच्या माणसांत, व्हॉट्सॲपच्या गटांत ‘एक्स्चेंज’ या नावाने हा व्यवहार चालत आला. त्यावर अनेकांचा छंद उभा राहिला, आणि त्यांतले काही पुढे गेम बनवण्याच्या अभ्यासाकडे वळले.

डाउनलोडने हा व्यवहार मुळापासून संपवला. खात्यावर घेतलेला गेम विकता येत नाही, देता येत नाही. त्यावर लोकांनी काढलेली पळवाट बोलकी आहे. एका खात्यावर घेतलेला गेम, त्या खात्याचा पासवर्ड देऊन, ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ असा दोघांना विकण्याची पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे. ती कंपन्यांच्या अटींत बसत नाही, आणि त्यात फसवणूक झाली तर दाद मागायला जागा नसते. पासवर्ड बदलला की घेणाऱ्याचे पैसे बुडतात. जो व्यवहार डिस्कवर उघडपणे होत होता, तो आडमार्गाने करण्याची वेळ ग्राहकावर आली, कारण त्याची गरज कायम राहिली आणि सोय तेवढी काढून घेण्यात आली.

कंपन्यांची बाजू पोकळ आहे असे मात्र नाही. जुन्या डिस्कच्या फेरविक्रीतून गेम तयार करणाऱ्याला एक पैसाही मिळत नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे. डाउनलोडने लहान निर्मात्यांना जे दिले ते डिस्कने कधी दिले नसते, हे तर त्याहून खरे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम 2020 मध्ये थेट जगभरच्या ग्राहकांपर्यंत गेला. डिस्क छापून, खोकी भरून, देशोदेशीच्या वितरकांना माल उधारीवर देऊन त्यांना हे जमले असते असे मला वाटत नाही. आज कोल्हापूर-सांगलीतील एखाद्या मुलाने गेम बनवायचा ठरवला, तर त्यालाही बाजार मिळेल तो डाउनलोडमुळेच. म्हणून डिस्क परत आणा अशी मागणी मी करत नाही. ती मागणी मान्य होणार नाही आणि झाली तरी लहान निर्मात्याच्या मुळावर येईल.

स्ट्रीमिंगची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे थोडे तपशिलात शिरणे भाग आहे. डाउनलोडमध्ये गेम निदान आपल्या यंत्रात येतो. स्ट्रीमिंगमध्ये तो दूरच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याकडे फक्त चित्र येते आणि आपण दाबलेल्या बटणाची खबर तिकडे जाते. सिनेमा आणि गाणी स्ट्रीमिंगवर सुरळीत चालली म्हणून गेमही चालतील, हा युक्तिवाद वारंवार केला जातो, पण त्यात एक मूलभूत चूक आहे. सिनेमाचे पुढचे दहा मिनिटांचे चित्रण आधीच ठरलेले असते, त्यामुळे ते आगाऊ उतरवून ठेवता येते आणि मध्येच नेट मंदावले तरी पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. गेमचे पुढचे चित्र मात्र खेळणाऱ्याच्या बोटावर अवलंबून असते. त्याने उडी मारली की नाही हे कळल्याशिवाय ते तयारच होऊ शकत नाही. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राच्या वाट्याला सुमारे 17 मिलिसेकंद येतात, आणि बटणाची खबर जाऊन चित्र परत येईपर्यंतचा प्रत्येक विलंब खेळणाऱ्याच्या हाताला जाणवतो. सर्व्हर जितका दूर तितका हा विलंब अधिक, आणि असे सर्व्हर ठेवणारी मोठी डेटा सेंटरे कोल्हापुरात नाहीत.

खर्चाचाही हिशेब मांडून पाहावा. गूगलने आपल्या स्टेडिया या सेवेसाठी साध्या दर्जाच्या चित्राला किमान 10 एमबीपीएस (सेकंदाला 10 मेगाबिट) आणि सर्वोच्च दर्जाला 35 एमबीपीएस इतका वेग सांगितला होता. 10 एमबीपीएसचा प्रवाह तासभर चालला तर साडेचार जीबी डेटा लागतो, 35 चा चालला तर पावणेसोळा जीबी. ज्याच्या मोबाइलच्या पॅकमध्ये दिवसाला दोन जीबी मिळतात, त्याचा डेटा साध्या दर्जावरही अर्ध्या तासाच्या आत संपेल. शहरात फायबरची जोडणी असलेल्या घरांना ही अडचण नाही, हे मान्य. पण गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड या डोंगरी तालुक्यांतून शिकायला आलेल्या मुलांच्या घरी ही जोडणी कुठवर पोहोचली आहे, ते त्यांनाच विचारावे.

शिवाय इंटरनेट ही कायम वाहती राहणारी गोष्ट आहे असे गृहीत धरण्याचा अधिकार कोल्हापूरकरांना तरी नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पाडला, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा तेच झाले. अशा दिवसांत वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा कोणीच देत नाही. जून 2023 मध्ये शहरात तणाव निर्माण झाल्यावर प्रशासनाने इंटरनेट सेवाच काही काळ बंद ठेवली. अशा वेळी करमणुकीचा विचार गौण असतो, हे मी जाणतो. परंतु एखादी गोष्ट तुमची आहे की नाही, याची कसोटी अशाच वेळी लागते: यंत्रात उतरवलेला आणि नेटविना चालणारा गेम वीज आल्याबरोबर सुरू होतो, आणि स्ट्रीमिंगवरचा गेम दुसऱ्या कोणी परवानगी देईपर्यंत अस्तित्वातच नसतो.

स्ट्रीमिंगचा एक मोठा गुण सांगितलाच पाहिजे. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा कन्सोल न घेता साध्या लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर मोठा गेम खेळता येणे, हे ज्याच्याकडे कन्सोल नाही त्याच्यासाठी फार मोलाचे आहे. भाड्याची सेवा म्हणून ती चालावी, वाढावी. तिचा इतिहास मात्र विसरता येत नाही. ऑनलाइव्ह ही सेवा 2010 मध्ये सुरू झाली आणि 2015 मध्ये बंद पडली. स्टेडिया 2019 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि 18 जानेवारी 2023 रोजी बंद झाली. गूगलने ग्राहकांनी तिथे गेमसाठी मोजलेले पैसे परत केले, ही गोष्ट कंपनीच्या बाजूने नोंदवली पाहिजे. पण ती कायद्याने बांधलेली नव्हती, आणि प्रत्येक कंपनीचा खिसा गूगलइतका खोल नसतो.

डाउनलोडचे गेमही असेच नाहीसे होत आहेत, आणि तिथे पैसे परत मिळतातच असे नाही. निन्टेन्डोने 3डीएस आणि वी यू या यंत्रांची डिजिटल दुकाने 27 मार्च 2023 रोजी बंद केली. एक्सबॉक्स 360 चे दुकान 29 जुलै 2024 रोजी बंद झाले. यांत निदान आधी घेतलेले गेम चालू राहिले. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे तसे झाले नाही. 2014 मध्ये विक्रीला आलेल्या या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद करण्यात आले आणि तो एकट्याने खेळणाऱ्यालाही खेळता येईना, मग प्रत डाउनलोड केलेली असो वा डिस्कवर घेतलेली. हे उदाहरण डिस्कच्या भोळ्या अभिमान्यांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. डिस्क हातात असणे पुरेसे नाही; ती चालू शकण्याचा हक्क त्या डिस्कबाहेर कोणाच्या तरी सर्व्हरवर ठेवलेला असेल, तर ती केवळ प्लास्टिकची चकती उरते. या प्रकरणातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय महासंघातील तिच्या नागरिक-अर्जावर 2025 च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. मोहिमेची मागणी साधी आहे: सेवा कायम चालवा असे कोणी म्हणत नाही, पण बंद करताना विकलेला गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडा.

गेम नाहीसे झाले तर काय बिघडले, असे विचारणारे ज्येष्ठ वाचक आहेत, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी कोल्हापूरच्या बाहेर जावे लागत नाही. बाबूराव पेंटरांनी याच शहरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. इथेच 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, जी 1933 मध्ये पुण्याला गेली. त्या काळी सिनेमा ही जपून ठेवण्याजोगी कला आहे असे फार थोड्यांना वाटत होते. तो दोन घटकांची करमणूक होता, आणि खेळ संपला की फिल्मची किंमत संपे. पेंटरांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज आपल्याला पाहता येत नाहीत. 1948 मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते 1964 मध्ये, म्हणजे ‘सैरंध्री’नंतर चव्वेचाळीस वर्षांनी. तोवर जे जायचे ते गेले होते. आज आपण ज्या पडद्याचा अभिमान सांगतो, त्याचा आरंभीचा मोठा भाग आपण केवळ ऐकीव माहितीवर सांगतो, याचे दुःख मला वाटते आणि ते प्रत्येक कोल्हापूरकराला वाटावे असे मला वाटते.

गेमच्या बाबतीत हेच आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथे 2010 पूर्वी प्रकाशित झालेल्या अभिजात गेमपैकी 87 टक्के गेम आता विक्रीस उपलब्ध नाहीत. ज्या गेमच्या डिस्क किंवा कॅसेटी हजारो घरांत विखुरल्या होत्या, ते निदान संग्राहकांच्या कपाटात सापडतात. जे केवळ एका दुकानातून डाउनलोड होत होते, त्यांचा शोध घ्यायलाही जागा उरत नाही. आणि जे स्ट्रीमिंगपुरतेच बनतील, त्यांची बाहेर एकही प्रत नसेल. फिल्मची प्रिंट जळते, डिस्कवरही काळाने डाग पडतात, हे खरे. पण अनेकांच्या हाती असलेल्या नाशवंत प्रती एकाच हाती असलेल्या सुरक्षित प्रतीपेक्षा अधिक काळ टिकतात, हा ग्रंथालयांचा जुना अनुभव आहे. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून या शहरात उभे आहे. प्रकाशक बुडाले, छापखाने बंद पडले, तरी पुस्तके वाचकांना मिळत राहिली, कारण पुस्तक विकले गेल्यावर प्रकाशकाचा त्या प्रतीवरचा ताबा संपत होता.

आपला कायदा या बाबतीत कुठे आहे? 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 मध्ये, पुस्तकासारख्या साहित्यकृतीच्या प्रती वितरित करण्याचा लेखकाचा हक्क सांगताना, आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. जुनी पुस्तके विकण्याचा व्यवसाय त्यावर उभा आहे. संगणक प्रणालीच्या (प्रोग्रॅमच्या) बाबतीत तितकी स्वच्छ तरतूद नाही, आणि गेम ही संगणक प्रणाली आहे. कलम 52 कायदेशीर धारकाला प्रणालीची राखीव प्रत काढू देते, पण कंपनीने घातलेल्या डिजिटल कुलपापुढे तो हक्क कागदावरच राहतो. त्याच कलमात 2012 च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवण्याची मुभा दिली, मात्र त्या ग्रंथालयाकडे त्या कृतीची अ-डिजिटल प्रत असली पाहिजे, या अटीवर. पुस्तकांच्या काळात ही अट वाजवी होती. जो गेम केवळ डाउनलोडने निघाला, त्याच्या बाबतीत ती कधीच पूर्ण होऊ शकत नाही. 1954 च्या कायद्याने प्रकाशकांना आपली पुस्तके कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्यावी लागतात. भारतात बनलेल्या गेमसाठी असे बंधन कोठेही नाही. ‘राजी’ची प्रत शंभर वर्षांनी कोणाकडे असेल, याची जबाबदारी आज कोणावरही नाही.

परदेशातील अनुभव संमिश्र आहे आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. युरोपीय न्यायालयाने 2012 मध्ये यूज्डसॉफ्ट प्रकरणात डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा परवानाही पुढे विकता येतो असा निर्णय दिला. त्या आधारे फ्रान्समधील ग्राहक संघटनेने स्टीमवरील गेमच्या फेरविक्रीसाठी दावा लावला आणि 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयात तो जिंकलाही, पण 2022 मध्ये अपिलात हरली आणि 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही अपिलाचाच निर्णय कायम ठेवला. कॅलिफोर्नियाने निराळा मार्ग घेतला: 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्याप्रमाणे, काढून घेता येण्याजोगा परवाना देताना विक्रेत्याला ते ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. ही सर्वांत सोपी पायरी आहे आणि ती भारतात चढायला संसदेची वाट पाहण्याचेही कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आहे आणि त्याने 2023 मध्ये ऑनलाइन विक्रीतील फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. गेमच्या किमतीशेजारी तो परवाना आहे, तो कधी काढून घेता येतो आणि सर्व्हर बंद झाल्यास गेम चालेल की नाही, एवढी तीन वाक्ये छापण्याचा आदेश हे प्राधिकरण देऊ शकते, आणि त्याने तो द्यावा.

फेरविक्रीच्या हक्काबाबत मी थोडा सबुरीने बोलेन. डाउनलोडची प्रत झिजत नाही, त्यामुळे जुनी आणि नवी यांत फरक राहत नाही आणि लहान निर्मात्याचे नुकसान होऊ शकते, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. काही वर्षे उलटल्यावरच फेरविक्रीची मुभा, किंवा प्रत्येक फेरविक्रीत निर्मात्याला ठरावीक वाटा, अशा तोडग्यांवर चर्चा होऊ शकते. वारशाच्या हक्काबाबत मात्र सबुरीचे कारण दिसत नाही. आज स्टीमचे खाते मृत्युपत्राने दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आयुष्यभर पैसे मोजून जमवलेला संग्रह माणसाबरोबर संपतो, यात निर्मात्याचे कोणते हित साधते हे मला कळत नाही. आणि नेटविना चालणारी, कुलूप नसलेली प्रत देऊन धंदा होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी पोलंडमधून 2008 पासून चालणाऱ्या जीओजी या ऑनलाइन दुकानाकडे पाहावे. तिथे गेमची संपूर्ण फाइल ग्राहक उतरवून स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवू शकतो.

यांतील सर्वांत तातडीचे काम जतनाचे आहे, कारण फेरविक्रीचा कायदा दहा वर्षांनी झाला तरी चालेल, पण दरम्यान बंद पडलेला गेम परत येणार नाही. कलम 52 मधील अ-डिजिटल प्रतीची ती अट डिजिटल स्वरूपातच निघालेल्या कृतींपुरती काढावी, आणि भारतात बनलेल्या प्रत्येक गेमची, सर्व्हरशिवाय चालू शकणारी एक प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जमा करण्याचे बंधन 1954 च्या कायद्यात घालावे. ही मागणी दिल्लीत पोहोचवण्याचे काम शिवाजी विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या आणि ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी आणि इथल्या चित्रपटप्रेमी संस्थांनी एकत्र येऊन हाती घ्यावे. गेम बनवणाऱ्या मराठी मुलांनीही कायद्याची वाट न पाहता आपल्या गेमची अशी एक प्रत आजच एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करावी. तसे करण्यापासून त्यांना कोणताही कायदा अडवत नाही.